मुलाखत : गुणांची की कुळाची?

पदवीनंतर मी पहिल्या मुलाखतीला गेलो, तेव्हा विषयावर एकच प्रश्न आला. बाकीचे सारे आडनावाचे, गावाचे आणि वडिलांच्या धंद्याचे. उत्तरे मला येत होती. ती ऐकून समोरचे चेहरे कसे बदलतील हेही ठाऊक होते. घाम त्याचाच होता. बाहेर आल्यावर मी स्वतःलाच बोल लावला. पुढे इतिहास वाचला आणि हा दोष कुणाचा, ते उमगले.

1943 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8.33 टक्के जागा मिळवल्या. दार उघडले, पण दारातले मुलाखतीचे टेबल हलले नाही. उत्तरपत्रिकेवर केवळ क्रमांक असतो; टेबलासमोर आख्खा माणूस आपल्या आडनावासकट बसतो. लेखी परीक्षेत कमावलेले इथे गमावता येते.

श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशात लेखीला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. दोन-तीन मिनिटांत आईबापांची व राहण्याची चौकशी करून बोळवण होते, अशी उमेदवारांची तक्रार होती. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1980 मध्ये मुलाखतीला 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरवले. मुलाखत ध्वनिमुद्रित करावी, असेही सुचवले. 1985 साली हरियाणाच्या नागरी सेवांबाबत अशोककुमार यादव खटल्यात सर्वसाधारण उमेदवारांसाठी ही मर्यादा 12.2 टक्क्यांवर आली. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखतीच बंद केल्या.

खाजगी कंपन्यांचे काय? सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतो, असे सांगितले. जात न उच्चारता जात विचारण्याची ही सभ्य रीत आहे. आणि हेच लोक आपल्याला गुणवत्तेचे धडे देतात!

म्हणून आपली मागणी साधी हवी. सर्वांना तेच प्रश्न विचारा. कशाला किती गुण, ते आधी सांगा. प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी आपले गुण लिहावेत. समितीत आमचा माणूस असावा. घरादाराची चौकशी बंद व्हावी. काय विचारणार हे कळले, की अर्धी भीती तिथेच संपते. शिक्षकांनी आपल्या मुलांना हे निवाडे वाचायला द्यावेत. मला ते कुणी दिले नव्हते.