माहुलीवरील दोन चढाया

पराभवाचा इतिहास लिहिण्याची हौस आपल्याकडे फारशी नाही. अमुक गड कोणी व कोणत्या युक्तीने घेतला, हे शाळेतील मुलासही मुखोद्गत असते. परंतु तोच गड त्यापूर्वी घेता आला नाही, हे सांगण्याची वेळ आली म्हणजे ग्रंथकाराची लेखणी एका ओळीत मोकळी होते. ठाणे जिल्ह्यातील शहापूरनजीकचा माहुली किल्ला हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. १६७० च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत खुद्द शिवाजी महाराजांस तेथून परतावे लागले, ही मात्र कोपऱ्यात पडून राहिली आहे. ह्या कोपऱ्यातील गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. आणि त्यास निमित्त झाला आहे तो हल्ली घरोघर मुलांच्या हाती दिसणारा खेळांचा एक प्रकार.

हा प्रकार मूळचा १९८० च्या सुमाराचा. कॅलिफोर्नियातील मायकेल टॉय व ग्लेन विचमन ह्या दोघा विद्यार्थ्यांनी संगणकावर 'रोग' नावाचा एक खेळ रचिला. आपल्या 'रोग' शब्दाशी त्याचे काही नाते नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ भामटा किंवा भटक्या असा होतो. एका भुयारात उतरावयाचे, वाटेतील राक्षसांशी झुंजावयाचे, तळाशी असलेला ताईत घेऊन वर यावयाचे, एवढेच त्यातील कथानक. परंतु त्यास दोन विलक्षण नियम होते. एक, भुयाराची रचना प्रत्येक खेपेस नवी. दुसरा, खेळातील वीर एकदा मेला म्हणजे मेला, पुन्हा आरंभापासून आरंभ. ह्या एका खेळावरून पुढे सबंध घराणे उत्पन्न झाले. २०१८ चा 'डेड सेल्स' व ग्रीक पाताळातून निसटू पाहणाऱ्या राजपुत्राचा २०२० चा 'हेडीझ' हे त्यांतील हातघाईच्या जातीचे प्रसिद्ध वंशज होत.

ह्या खेळात पहिल्या खेपेस निभाव लागणे महाकठीण. नवशिक्या आवेशाने पुढे धावतो, जवळचे सर्व औषधपाणी पहिल्याच चकमकीत खर्च करितो आणि दोनचार दालनांतच गारद होतो. जो थोडा अधिक टिकतो तो शूर असतो म्हणून नव्हे, तर शत्रूचा हात वर जातो केव्हा व खाली येतो केव्हा हे तो पाहून ठेवितो म्हणून. आपल्याकडील जुना मोक्षपट आठवावा. परंपरा ज्याचे जनकत्व ज्ञानदेवांकडे देते, आणि ज्याच्या कुळातील सापशिडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन लोकप्रिय झाली, त्या पटावर साप कोठे आहे हे ठाऊक असूनही त्याचा उपयोग नसतो. कवड्या नेतील तेथे जावे लागते. ह्या नव्या खेळात नेमके उलट आहे. वाट प्रत्येक वेळी बदलते, पण खेळणाऱ्याने मिळविलेले ज्ञान त्याच्यापाशी राहते. हरणे हेच तेथे शिक्षण होय.

आता माहुलीकडे वळू. आसनगाव स्टेशनाच्या उत्तरेस पळसगड, माहुली व भंडारगड अशी तीन शिखरे परस्परांस लागून उभी आहेत. मधल्या खिंडी खोल व कडे तुटलेले. उंची सुमारे २,८०० फूट. भोसले घराण्याचा ह्या गडाशी पहिला मोठा संबंध आला तोच अपयशाचा. बुडती निजामशाही सावरण्याची शहाजीराजांची खटपट १६३६ साली येथेच संपली. मोगल व आदिलशाही अशा दोन्ही फौजांनी गड वेढला, आणि अखेर बाल निजामशहास शत्रूच्या स्वाधीन करून राजांस विजापूरची चाकरी पत्करावी लागली. पुढे महाराजांनी गड मिळविला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले त्यांत तो पुन्हा गेला.

१६७० च्या आरंभी तह मोडला व गेलेले किल्ले परत घेण्याचा सपाटा सुरू झाला. फेब्रुवारीत सिंहगड आला. त्याच महिन्यात महाराज माहुलीवर चालून गेले. रात्रीच्या अंधारात दोराच्या शिड्या लावून मराठे वर चढले. परंतु किल्लेदार मनोहरदास गौड हा रजपूत सावध होता. त्याने चढून आलेल्यांवर कडाडून हल्ला केला, शेकडो लोक कामी आले, आणि महाराजांस माघार घ्यावी लागली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. सिंहगडाच्या यशाने सैन्याचे मन चढलेले. अशा वेळी मिळालेला हा तडाखा मानी पुरुषास सहन होणे कठीण. दुसरा एखादा सेनापती हट्टास पेटून त्याच कड्यावर आणखी हजार माणसे खर्ची घालता. महाराजांनी तसे केले नाही. ते तेथून निघाले व कल्याण-भिवंडीचा मुलूख त्यांनी हस्तगत केला. मार्चमध्ये पुरंदर आला. म्हणजे माहुली मिळाली नाही, तरी तिच्याभोवतालचे व दूरचे आधार एकेक करून गळत गेले. दरम्यान मनोहरदासाने किल्लेदारी सोडली व त्याच्या जागी अलावर्दी बेग आला. पावसाळ्याच्या आरंभी, १६ जूनच्या सुमारास, मोरोपंतांनी गड घेतला. नवा किल्लेदार लढाईत पडला. कडा तोच होता. पण आतील मांडणी बदलली होती, आणि बाहेरच्यांस पहिल्या रात्रीचा अनुभव होता. चार महिन्यांपूर्वीचा पराभव हा ह्या विजयाच्या हिशेबातील पहिली रक्कम होय, असे आम्ही म्हणतो ते ह्याच अर्थाने.

परंतु खेळाची उपमा येथवरच चालते. खेळात मेलेला वीर आणि पुन्हा उठणारा वीर एकच असतो. त्याचा मृत्यू त्यास शिकवितो. माहुलीच्या कड्यावर फेब्रुवारीत जे पडले ते जूनमध्ये उठले नाहीत. त्यांनी मिळविलेले ज्ञान दुसऱ्यांच्या उपयोगी पडले. त्यांची नावेही आपणांस माहीत नाहीत. जिंकणाऱ्याचे नाव इतिहास राखतो. पहिल्या खेपेस पडणाऱ्यांचे राखीत नाही, ह्याची खंत वाटावयास हवी. तसेच त्या रात्री आपले कर्तव्य चोख बजावणाऱ्या मनोहरदासाचेही स्मरण मोकळ्या मनाने करावे. प्रतिपक्षाचे शौर्य झाकल्याने आपले वाढत नाही.

शेजारच्या मुरबाड तालुक्यात ह्याच विचाराचा दुसरा दाखला आहे. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हे पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. विजेचे मनोरे पाडून सरकारास जेरीस आणणाऱ्या त्या टोळीचा डाव त्या पहाटे मोडला. पाहणाऱ्यास तेव्हा तो निखळ पराभवच वाटला असेल. साडेचार वर्षांनी देश स्वतंत्र झाला. त्या दोघांस दुसरी खेप मिळाली नाही, देशास मिळाली.

तेव्हा मुलगा खेळात दहाव्यांदा हरून पुन्हा पहिल्या दालनात उभा राहिला, तर वडील माणसांनी केवळ वेळेचा अपव्यय म्हणून त्यावर डाफरू नये. ह्या खेपेस तू काय पाहिलेस, एवढे त्यास विचारावे. उत्तर देता आले नाही, तर खेळ खुशाल बंद करावा. उत्तर देता आले, तर सुट्टीच्या दिवशी त्यास आसनगावास उतरवून माहुलीच्या पायथ्याशी न्यावे आणि दोन्ही चढायांची हकीकत सांगावी. फेब्रुवारीची आधी, जूनची मागून.