आईपणाचा पुरावा

घटस्फोटानंतर मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे ठरवताना अमेरिकी न्यायालये ‘मुलाचे सर्वोत्तम हित’ हे तत्त्व प्रमाण मानत असली, तरी समलिंगी, म्हणजेच लेस्बियन, मातांच्या बाबतीत आईची अपात्रता बहुधा आधीच गृहीत धरलेली असे. केवळ समलैंगिकतेमुळे आई अपात्र ठरत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९६७ साली नॅडलर खटल्यात म्हटले खरे. मात्र निर्णय खालच्या न्यायालयाच्या विवेकावर सोपवला गेल्याने त्या आईच्या पदरात ताबा पडला नाही.

सिएटलमध्ये १९७२ साली परस्परांच्या जोडीदार असलेल्या दोन स्त्रियांना त्यांच्या मुलांचा ताबा मिळाला, पण त्यांनी एका घरात राहायचे नाही, या अटीवर. याच शहरात १९७४ साली ‘लेस्बियन मदर्स नॅशनल डिफेन्स फंड’ स्थापन झाला आणि ‘मॉम्स अ‍ॅपल पाय’ या वार्तापत्रातून खटल्यांच्या बातम्या व कायदेशीर माहिती दूरदूरच्या मातांपर्यंत पोहोचू लागली. १९७५ साली डॅलसमध्ये ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने, मेरी जो रिशर यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचा ताबा वडिलांना दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ताबा ठरवताना लैंगिक कल हा एकमेव वा प्रमुख निकष नसावा, असा ठराव केला.

यातूनच ‘नेक्सस’ कसोटीला, म्हणजे आईच्या लैंगिकतेमुळे मुलाचे प्रत्यक्ष नुकसान होते हे सिद्ध करण्याच्या अटीला, बळ मिळाले आणि पुराव्याचे ओझे आईच्या खांद्यावरून आरोप करणाऱ्याकडे सरकू लागले. तरीही व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली शॅरन बॉटम्स यांच्या लहानग्याचा ताबा आजीकडेच ठेवला. समलिंगी संबंध त्या राज्यात तेव्हा गुन्हा होता, ही बाबही तिथे आईविरुद्ध धरली गेली.

निकालपत्रांत दिसतात त्या लढलेल्या माता. ज्यांनी गुपित फुटण्याच्या धास्तीने पोटगीवर पाणी सोडले किंवा न लढताच मुले दुसऱ्याच्या हाती दिली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून या इतिहासातील हानीचे मोजमाप केवळ हरलेल्या खटल्यांवरून करता येत नाही.