दमलेल्या बैलाला चाबूक

गेल्या महिन्यात कोपरगावला मामांकडे गेलो होतो. मामांना हार्ट फेल्युअर आहे. म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, पंप अशक्त झालाय. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केलंय, अगदी छोट्या डोसपासून. मामा वैतागले होते. "अरे, हृदय आधीच थकलंय, आणि हा माणूस ते आणखी हळू करतोय!"

मामांची शंका वेडगळ नाही. १९६०च्या दशकात जेम्स ब्लॅकने प्रोप्रॅनोलॉल आणलं (१९८८चं नोबेल त्यालाही मिळालं), तेव्हापासून पाठ्यपुस्तकं हेच सांगत होती: हार्ट फेल्युअर असेल तर बीटा ब्लॉकर देऊ नका. अशक्त हृदय अ‍ॅड्रेनॅलिनच्या जोरावर चालतं, तो जोर काढलात तर पेशंट जाईल.

१९७५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी नेमकं तेच केलं. पेशंट फक्त सात, हृदय फुगलेलं, नाडी जलद. औषध काही महिने दिलं आणि पेशंट सुधारले! कारण अ‍ॅड्रेनॅलिन म्हणजे चाबूक. ऊस भरलेल्या गाडीचा दमलेला बैल चाबकाने चार पावलं पळतो, पण रोज मारलात तर बसतोच. (आम्हीही सर्व्हर दमला की आधी ट्रॅफिक कमी करतो.) मात्र अंगात पाणी साठून पेशंट धापा टाकत असताना हे औषध सुरू करत नाहीत, आणि डोसही हळूहळूच वाढवतात.

गंमत म्हणजे वागस्टाइनचा लेख ज्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला, त्यातच १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेवर लिहिलं होतं. विषय रक्तदाबाचा होता, फेल्युअरचा नव्हे. पण सर्पगंधेतलं रेसर्पिन मज्जातंतूंतला नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठाच रिकामा करतं, त्यामुळे नाडीही मंदावते. म्हणजे चाबूक काढून घ्यायची एक तऱ्हा आपल्याकडे आधीच वापरात होती. पुढे उदासीनतेच्या तक्रारींमुळे रेसर्पिन मागे पडलं. असो.

स्वीडिश मंडळींवर मात्र लवकर कुणी विश्वास ठेवला नाही. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, मेटोप्रोलॉलची ३,९९१ पेशंटांवर आणि बिसोप्रोलॉलची २,६४७ पेशंटांवर. दोन्हींत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी! २०१०च्या चाचणीत आयव्हॅब्रॅडिन आलं, ते फक्त नाडीचा वेग उतरवतं. बीटा ब्लॉकर देऊनही नाडी सत्तरच्या वर राहणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सात पेशंट? एवढ्याशावर?"

म्हटलं, "म्हणून तर चोवीस वर्षं लागली, मामा."

गोळी घेतली त्यांनी. चहाबरोबर.