गोदावरीचें माप

गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तेथून अरबी समुद्र अवघा ५० मैल. तरी ती त्याकडे पाठ फिरवून, दख्खनच्या पठाराचा उतार धरून, पूर्वेस सुमारें ९०० मैल वाहते व बंगालच्या उपसागरास मिळते.

नाशिककर तिचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात: पाणी गुडघ्यास, कमरेस कीं छातीस? १९६५ मध्यें वरच्या अंगास गंगापूरचें धरण पुरें झालें. तरी १९६९ चा महापूर टळला नाहीं.

अवर्षणांत मात्र तेंच अडविलेलें पाणी खालीं जायकवाडीस हवें असतें. २००५ च्या कायद्यानें समन्यायी वाटपाचें तत्त्व घालून दिलें. उगमापाशीं राहणाऱ्यांनीं पुराप्रमाणेंच खालच्या तहानेचेंहि माप ठेवावें, हेंच न्यायाचें होय.