शेपटीला आवर घालणारा चुंबक

वर्तुळाकार कणत्वरकात इलेक्ट्रॉन ठरलेल्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना जे हेलकावे खात फिरतात, त्यांना आजही ‘बीटाट्रॉन दोलने’ म्हणतात, कारण डोनाल्ड कर्स्ट यांनी 1940 मध्ये इलिनॉय विद्यापीठात चालू केलेल्या बीटाट्रॉन यंत्रासाठी त्यांनी व रॉबर्ट सर्बर यांनी 1941 मध्ये या हेलकाव्यांचे गणित मांडले. ते यंत्र मागे पडले, नाव मात्र टिकले. हेलकावा हा मुळात दोष नव्हे. पुढचे कण मागच्यांना हेलकावू लागले की दोष सुरू होतो.

गळीत हंगामात संकेश्वर-निपाणी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पाहिलेल्यास हे चटकन उमगेल, कारण पुढची ट्रॉली किंचित डुलली की मागची तिच्यामुळे अधिकच झोल खाते. इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यातही पुढच्या कणांचे विद्युतक्षेत्र निर्वात नळीच्या भिंतींत पडसाद सोडते आणि तो मागच्यांना ढकलतो. परंतु मागची ट्रॉली कधी पुढे येत नाही. पुंजक्यातले कण मात्र ऊर्जेच्या चढउतारामुळे डोके व शेपूट यांत जागा बदलत राहतात, म्हणून शेपटीने उचललेला हेलकावा पुन्हा डोक्यात शिरतो आणि वाढत जाऊन कण नळीवर आदळून नष्ट होतात. इटलीतील फ्रास्काती येथील आदोने या साठवण-कड्यात दिसलेल्या या ‘डोके-शेपूट’ अस्थिरतेची उकल 1969 मध्ये क्लाउडियो पेलेग्रिनी व मॅथ्यू सँड्स यांनी केली.

उकलीतच उपाय होता. भिंग जसे निळ्या व तांबड्या प्रकाशाला वेगवेगळ्या ठिकाणी एकवटते, तसे चुंबक अधिक ऊर्जेच्या कणांना कमी एकवटतात आणि त्यांच्या हेलकाव्यांची संख्या घटते. प्रकाशशास्त्रातून घेतलेल्या शब्दाने या गुणाला ‘क्रोमॅटिसिटी’ म्हणतात. संख्या घटते म्हणून ती मुळात ऋण असते; ती शून्यावर किंवा किंचित धन बाजूला आणली की हा हेलकावा आपोआप विझतो, आणि हे काम सहा ध्रुवांचा, म्हणजे षट्ध्रुवी चुंबक करतो. एका चुंबकाच्या आकारात एवढी मोठी अडचण विरघळावी, हे या शास्त्राचे खरे देखणेपण आहे.

मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या इंदुरात, राजा रामण्णा केंद्राच्या 172 मीटर परिघाच्या इंडस-2 या साठवण-कड्यात असे 32 षट्ध्रुवी चुंबक आहेत. तिथे 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात आणि कड्यात पुंजक्यांसाठी 291 जागा आहेत. मात्र एक पुंजका दुसऱ्याला हेलकावतो तेव्हा केवळ चुंबक पुरत नाहीत. तिथे फीडबॅक लागतो, म्हणजे नळीतील पट्ट्या प्रत्येक पुंजक्याचे सरकणे मोजतात आणि पुढील फेऱ्यांत नेमक्या त्याच पुंजक्याला उलटा झटका देतात, आणि तो झटका जेमतेम साठ सेंटिमीटर मागून, दोन अब्जांश सेकंदांत येणाऱ्या शेजाऱ्याला लागू द्यायचा नसतो.