काडतुसाची निवड आणि कायदा : ०.३१५ व्यासाचा इतिहास

कोणत्या रायफलीस कोणते काडतूस घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता शिकाऱ्याच्या अनुभवाचा व ऐपतीचा वाटतो. अचूक मार आणि परवडणारी किंमत यांची सांगड घातली की तो सुटला, असे समजले जाते. हिंदुस्थानातील शिकारी रायफलींचा इतिहास पाहिला असता मात्र या दोहोंच्या आधी कायद्यानेच निवड केलेली दिसते.

१९०७ च्या सुमारास सरकारने ०.४५० इंच व्यासाच्या रायफली व काडतुसे यांच्या आयातीस बंदी केली. त्याच व्यासाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. शिकारी काडतुसांतील गोळ्या त्यांस पुरविल्या जातील, ही त्यामागील भीती. परिणामी ब्रिटिश कारखानदारांनी ०.४७० व ०.४६५ ही नवी मापे बाजारात आणली. ही काडतुसे मारास उत्तम, परंतु महाग होती. शिवाय दुनळी रायफलीच्या दोन्ही नळ्या ठराविक वजनाची गोळी व ठराविक दारू यांवरच जुळविलेल्या असत. ते प्रमाण बदलले की दोन नळ्यांच्या गोळ्या दोन ठिकाणी पडत. उष्णतेने कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसेही निघाली. अशा रायफलीच्या धन्यास स्वस्त पर्याय शोधण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच.

सामान्य परवानाधारकाची अडचण निराळी होती. विपुल असे ०.३०३ काडतूस सैन्याचे. म्हणून ते त्यास निषिद्ध. ही पोकळी ०.३१५ ने भरून काढली. हेही मूळचे लष्करीच, परंतु परक्या सैन्याचे : ऑस्ट्रियाचे ८ मिलिमीटर मानलिखर काडतूस. ०.३०३ प्रमाणेच त्याच्या बुडास बाहेर आलेली कड असल्यामुळे ली पद्धतीच्या रायफलीत ते थोड्या फेरफाराने बसविता आले. बी.एस.ए. कंपनीने व पुढे इशापूरच्या कारखान्याने अशा रायफली बनविल्या. पुण्याजवळील खडकीच्या कारखान्यात काडतुसेही तयार होऊ लागली. सुमारे २४४ ग्रेन वजनाची ही गोळी लांबच्या पल्ल्यावर लवकर खाली येते; रानातील जवळच्या नेमास मात्र ती पुरेशी ठरे. तात्पर्य, तिच्या प्रसाराचे कारण श्रेष्ठता नव्हे, सुलभता होय.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळपास पूर्णपणे थांबली. माप मात्र टिकले. उत्तर हिंदुस्थानात 'तीनशे पंधरा बोर' हा शब्दप्रयोग आज परवान्याच्या रायफलीइतकाच बेकायदा गावठी कट्ट्यासही लागू होतो. लष्करी दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून घातलेल्या निर्बंधांच्या आडोशाने जे माप वाढले, तेच पुढे कायद्याबाहेरील शस्त्राचे सर्वपरिचित माप ठरावे, यात या निर्बंधांची मर्यादा स्पष्ट होते. कायदा काडतुसाचे माप ठरवू शकतो; ते कोणाच्या हाती जाईल, हे केवळ मापाने ठरत नाही.