खडकीची नहर आणि पाण्याची राखण

आपल्या नगराचा इतिहास सांगू लागले म्हणजे बावन्न दरवाजे, बीबीचा मकबरा आणि बादशाही स्वाऱ्या यांचीच वर्णने प्रथम येतात. परंतु ज्या वस्तूमुळे येथे वस्ती टिकली, ती जमिनीखाली असल्याने सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती वस्तू म्हणजे डोंगरातले पाणी गावात आणणारी नहर. यंदाच्या अंकाकरिता आम्ही हा विषय घेतला आहे, तो केवळ जुन्या वैभवाचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. पाणी आणणे हे एका कर्त्या पुरुषाचे काम असू शकते. ते राखणे मात्र साऱ्या गावाचे काम आहे, हा धडा या नहरीच्या उत्कर्षात व ऱ्हासात आहे.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशी. त्याने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी राजधानी वसविली. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही पुऱ्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या मराठा सरदारांची आठवण देतात. जमीन खडकाळ आणि खाम नदी उन्हाळ्यात आटणारी, तेव्हा एवढ्या वस्तीस पाणी कोठून पुरावे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १६१७च्या सुमारास नहर-ए-अंबरी सिद्ध झाली. १६५३ साली औरंगजेबाने नगरास आपले नाव दिले, त्या राजवटीत आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची जाती फिरविणारे पाणी नहरीचेच, आणि बेगमपुऱ्यातील थत्ते हौद ज्या पाण्याने भरे तेही नहरीचेच.

या नहरीची रचना समजून घेण्याजोगी आहे. उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भात झिरपणारे पाणी बोगद्यांतून गोळा करावयाचे, बेताचा उतार साधून ते बांधीव पाटांतून व खापरी नळांतून गावाकडे न्यावयाचे, आणि दाब राखण्यासाठी वाटेत उंच मनोरे उभारावयाचे, अशी ती योजना होती. पाणी चढविण्यास बैलही लागत नसे आणि मोटही लागत नसे. वाटेत ठिकठिकाणी जमिनीवर उघडणारी तोंडे ठेविलेली असत. त्यांतून हवा खेळे, गाळ काढण्यास माणूस आत उतरे, आणि पाणी कोठे अडले ते कळे. आमच्या मते ही तोंडेच साऱ्या रचनेचे मर्म होत. बांधणाऱ्याने जाणले होते की, झाकलेल्या पाण्यावर नजर राहिली नाही तर ते फार दिवस टिकावयाचे नाही.

पुढे तसेच घडले. हर्सूलच्या तलावाचे पाणी नळाने येऊ लागले. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण राष्ट्रास अर्पण झाले, आणि पुढे नाथसागराचे पाणी उपसून वर शहरापर्यंत चढविण्यात आले. घरात तोटी आल्यावर नहरीकडे कोण पाहतो? तिच्या मार्गावर घरे उठली, तोंडे बुजली, कोठे सांडपाणी आत शिरले. हे एका शत्रूचे काम नव्हे. सर्वांनी मिळून केलेले दुर्लक्ष होय. आणि धरण जवळ असूनही गेल्या काही वर्षांत शहराच्या पुष्कळ भागांत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले, हे आपल्या गृहिणींस सांगावयास नको. २०१६ साली लातूरकरांस तर मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले.

राखण कशी करावी, याचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजार हे अवर्षणग्रस्त गाव. १९८९ साली श्री. पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान यांच्या आधारे गावाने डोंगरावर चर खोदले व झाडी राखली. परंतु आमच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट पुढची. हे गाव पाऊस मोजते, विहिरींची पातळी पाहते, आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविते. शेतीसाठी कूपनलिका खोदावयाची नाही, हा नियमही गावानेच स्वतःवर घालून घेतला. जमा पाहून खर्च करणे हा प्रपंचाचा साधा नियम त्यांनी पाण्यास लावला, एवढेच. आपल्या नगरातही २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, उद्योजक व नागरिक यांनी मिळून खाम नदीच्या शुद्धीचे काम हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. हा अंक एका ज्ञातिसंस्थेचा आहे, आणि आपल्या देशात ज्ञाती व पाणी यांचा इतिहास अभिमानाने सांगण्याजोगा नाही. प्रत्येक गावी पाणवठे वेगळे होते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्याचा हक्क बजावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. जमिनीखालचे पाणी मात्र एका वाड्याचे कुंपण ओलांडून दुसऱ्या वाड्यात बिनदिक्कत जाते. आपल्या आळीतली विहीर शेजारच्या उपशाने आटते, आणि आपल्या शोषखड्ड्यातली घाण शेजाऱ्याच्या घशात उतरते. म्हणून केवळ आपल्या ज्ञातीपुरती पाण्याची राखण संभवतच नाही.

यास्तव आमची सूचना अशी. संघाने एक वही घालावी. ज्यांच्या घरी वा शेती विहीर आहे, त्यांनी दिवाळीच्या सुमारास एकदा व अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा दोरीस वजन बांधून पाणी किती हातांवर आहे ते मोजावे, रंग व चव पाहावी आणि नोंद करावी. काम मुलांकडे सोपवावे; त्यांस गणितही येईल आणि गावही कळेल. शेजारी कोणत्याही ज्ञातीचा वा धर्माचा असो, त्याच्या विहिरीची नोंद त्याच्या संमतीने त्याच वहीत व्हावी. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे कोणती विहीर खालावते आहे हे कळेल, आणि पालिकेपुढे अर्ज घेऊन जाताना आपल्या हाती तक्रारीबरोबर पुरावाही असेल. पुढील वार्षिक सभेत जमाखर्चाचे पत्रक वाचून झाल्यावर या वहीचेही वाचन व्हावे, अशी आमची संघाच्या कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.